चार दिवसांत तीन राजधान्या? एकच करा, नीट करा

प्रश्न: मे महिन्याच्या शेवटी आम्ही चौघं पुण्याहून हॅम्बुर्गला माझ्या भावाकडे जाणार आहोत. तिथून चार रात्री स्कँडिनेव्हिया करायचं ठरतंय. यजमानांना कोपनहेगन, स्टॉकहोम आणि ऑस्लो तिन्ही हवंय, ‘एवढ्या लांब जातोच आहोत तर’ म्हणून. मुलगा सोळा वर्षांचा, दहावी झाली आहे. तो म्हणतो मी मामाकडेच थांबतो, मला म्युझियम नकोत. मुलगी तेरा वर्षांची, पूर्ण शाकाहारी (अंडंही नाही), तिला फोटो आणि बाजार. मुलगा चिकन-मासे खातो, बीफ-पोर्क नाही. हॅम्बुर्गपासून पुढचा सगळा खर्च अडीच लाखांत बसवायचा आहे. डेन्मार्कचा वेगळा व्हिसा लागेल का? दोन खोल्या घ्याव्या का? आणि घरून खायला काय नेता येईल, तूप आणि पेढे चालतील का?
– एक आई, कोथरूड

उत्तर:

ताई, आधी यजमानांचा प्रश्न निकालात काढू. कोपनहेगन ते स्टॉकहोम रेल्वेने पाच तासांहून थोडं जास्त, स्टॉकहोम ते ऑस्लो तेवढंच किंवा वर, आणि ऑस्लोहून हॅम्बुर्गला परत यायला विमान. मधला टप्पाही विमानाने केला तरी उड्डाण तासा-सव्वा तासाचं असतं, पण एका खोलीतून निघून दुसऱ्या खोलीत पोचेपर्यंत पाच तास जातात. चार रात्रींत तीन शहरं म्हणजे तुमच्या हातात खरे दीड दिवस उरतात, आणि त्यातही रोज सकाळी सातला सोळा वर्षांच्या मुलाला उठवून बॅग भरायला लावायची. ही भांडणं पुण्यात फुकट होतात, त्यासाठी क्रोनर (तिथलं चलन) मोजू नका. कोपनहेगन एकच करा. दुसरा देश हवाच असेल तर समोरचं स्वीडनमधलं माल्मो अर्ध्या दिवसात होतं. त्याबद्दल पुढे.

व्हिसा वेगळा लागत नाही. डेन्मार्क आणि स्वीडन दोन्ही शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहेत. तुमचा जास्तीत जास्त मुक्काम जर्मनीत असल्यामुळे अर्ज जर्मनीकडेच करायचा आणि त्यात कोपनहेगनचे चार दिवस, आरक्षणासकट, स्पष्ट दाखवायचे. शेंगेनच्या आतल्या आत फिरणं हे बाहेर जाऊन परत येणं धरत नाहीत, त्यामुळे एकदाच प्रवेशाचा व्हिसा मिळाला तरी अडत नाही. मुलीच्या फीमध्ये सवलत धरू नका: कमी फी सहा ते बारा वर्षांच्या आतल्या मुलांना आहे, तेराव्या वर्षी मोठ्यांची पूर्ण फी (90 युरो) लागते. दोन्ही मुलांच्या अर्जावर आई आणि वडील दोघांच्याही सह्या हव्यात. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा, आणि तो फक्त जर्मनीपुरता नको, सगळ्या शेंगेन देशांना लागू असलेला हवा.

एक चूक मात्र फार जण करतात. शेंगेनच आहे म्हणून पासपोर्ट भावाच्या घरी कपाटात ठेवून निघतात. हॅम्बुर्गहून येणाऱ्या गाडीत डेन्मार्कच्या सीमेवर, पाडबोर्गला, पोलीस चढून तपासणी करू शकतात. परतताना जर्मन बाजूलाही तेच, आणि माल्मोच्या गाडीत स्वीडिश पोलीस. चौघांचे मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, मोबाइलमधला फोटो चालत नाही.

गाडी

हॅम्बुर्ग ते कोपनहेगन थेट गाड्या आहेत, साधारण पाच तास. जुन्या प्रवासवर्णनांत अख्खी आगगाडी जहाजात चढते असं वाचाल. ते डिसेंबर 2019 पासून बंद झालं. आता गाडी जटलंडमार्गे वळसा घेऊन जाते. मुलाला सांगा, फ्यून बेट संपलं की खिडकीशी बस: गाडी साडेसहा किलोमीटरच्या पुलावरून समुद्र ओलांडते, स्प्रोगो नावाच्या इवल्याशा बेटावर खाली उतरते आणि तिथून आठ किलोमीटरच्या बोगद्यात शिरते. मोटारी त्याच वेळी बाजूच्या उंच झुलत्या पुलावरून जात असतात.

स्वस्त तिकिटं ठरावीक गाडीलाच बांधलेली असतात आणि लवकर संपतात, म्हणून व्हिसा हातात आल्याच्या दिवशीच काढा. मुलांची खरी वयं टाका, तेराव्या वर्षाला सवलत बहुतेक वेळा असते, सोळाव्याला नसते. चार जागा टेबलाभोवतीच्या एकत्र आरक्षित करा. पुण्याहून ऑनलाइन पैसे भरताना ओटीपी भारतीय सिमवर येतो हे लक्षात ठेवा. हॅम्बुर्गला पोचल्यावर तुम्ही जर्मन सिम घालाल आणि ओटीपी पिशवीतल्या सिमवर जाईल. गाडी, खोली, तिवोली (कोपनहेगनमधली करमणुकीची बाग), जे आधी ठरतंय ते पुण्यातूनच भरून टाका. जर्मन सिमचा डेटा डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये जादा पैसे न देता चालतो, तेव्हा मुलांना एकेक सिम तिथेच घेऊन द्या. पुढे त्यांना एकटं सोडायचं आहे.

खोली

तुम्ही दोन खोल्यांचं विचारलंय. कोपनहेगनमधल्या हॉटेलांच्या खोल्या लहान, आणि चौघांची खोली दुर्मीळ. बुकिंगच्या संकेतस्थळावर ‘दोन मोठे, दोन मुलं’ एवढंच टाकून पुढे गेलात तर दोघांच्या पलंगाशेजारी एक घडीची खाट घातलेली खोली मिळते. सोळा वर्षांच्या मुलाचे पाय त्या खाटेच्या बाहेर येतात. वयं भरा आणि चार वेगळे बिछाने लिहून आलेत का ते बघा. दोन खोल्या म्हणजे खर्च दुप्पट, आणि त्या शेजारीशेजारी मिळतीलच असं नाही. तुमच्या बजेटला स्वयंपाकघर असलेलं छोटं अपार्टमेंट किंवा हॉस्टेलमधली चार बिछान्यांची खासगी खोली बसते. हॉस्टेल म्हटल्यावर नाक मुरडू नका, तिथे स्वतंत्र बाथरूमच्या कुटुंबखोल्या असतात. एच. सी. अँडरसन बुलेव्हार्डवरचं डॅनहॉस्टेल कोपनहेगन सिटी हे उंच इमारतीतलं असंच आहे, स्टेशनपासून चालत. चादरी-टॉवेलचे पैसे वेगळे आहेत का ते बघून घ्या, चौघांचे मिळून ती रक्कम जाणवते.

जागा निवडताना मेट्रो स्टेशन चालत पाच-सात मिनिटांत असावं. इस्लांड्स ब्रुग, क्रिस्चियान्सहाउन, फ्रेडरिक्सबर्ग, आमागरब्रो ही ठिकाणं बरी. मुख्य स्टेशनच्या लगेच मागचा इस्टेगेडचा तुकडा स्वस्त दिसतो, पण रात्री तिथे नशा करणारे आणि तसल्या दुकानांच्या पाट्या दिसतात. धोका फारसा नाही, अवघडलेपण मात्र आहे. हॉटेलचा नाश्ता घेऊ नका. माणशी दीडशे-दोनशे क्रोनर लागतात आणि तुमची मुलं तो संपायच्या वेळी उठणार.

मेच्या शेवटी सूर्य पहाटे साडेचारच्या सुमाराला उगवतो आणि रात्री साडेनऊनंतर मावळतो. पडदे पातळ असले तर मुलं पाचला जागी होतात आणि दुपारी कोसळतात. डोळ्यांवर बांधायच्या चार पट्ट्या पुण्यातूनच घेऊन जा.

वयाचं गणित

कोपनहेगनमध्ये तुमचा खर्च बारा, सोळा आणि अठरा या तीन आकड्यांवर ठरतो, आणि तिथेच बहुतेक कुटुंबांचे पैसे उगाच जातात.

बस-मेट्रोत बारा ते पंधरा वयाला अर्ध तिकीट. म्हणजे मुलगी अर्ध्यात, मुलगा पूर्ण. म्युझियममध्ये मात्र रेघ अठराला आहे: लुइसियाना (समुद्राकाठचं कलासंग्रहालय), राष्ट्रीय संग्रहालय, राष्ट्रीय कलादालन, रोझेनबोर्ग किल्ला, क्रोनबोर्ग किल्ला, सगळीकडे अठराच्या आतल्यांना प्रवेश मोफत. आता कोपनहेगन कार्डाकडे बघा. त्यात ऐंशीवर ठिकाणं आणि प्रवास धरलेला असतो, आणि सोळा वर्षांच्या मुलाला ते मोठ्यांच्या दराने घ्यावं लागतं. जिथे तो फुकट जाऊ शकतो, त्या दारांसाठी तुम्ही पैसे भरता! कार्डात तिवोलीचा प्रवेश येतो, पण आतल्या राइड्स येत नाहीत. माल्मोची गाडीही येत नाही. तुमच्यासारख्या संथ कार्यक्रमाला कार्ड परवडत नाही. प्रवासासाठी फक्त ‘सिटी पास स्मॉल’ घ्या, झोन (भाड्याचे विभाग) 1 ते 4 चा. तो 24 तासांपासून 120 तासांपर्यंतच्या टप्प्यांत मिळतो आणि बंदरातल्या पिवळ्या जलबसलाही चालतो. तुम्हाला 96 तासांचा लागेल. लुइसियाना त्या झोनच्या बाहेर आहे, त्या दिवशी पुढच्या झोनचं जादा तिकीट काढा.

मेट्रोला फाटकं नाहीत. त्यामुळे लोकांना वाटतं आत जाऊन बघू. तिकीट गाडीत चढायच्या आधी झालेलं असावं लागतं. गाडी सुटल्यावर मोबाइलवर काढलेलं तपासनीस मानत नाहीत, आणि दंड हजार क्रोनरच्या आसपास आहे. ज्याचं तिकीट त्याच्याजवळ हवं, चौघं एकत्र असेपर्यंत तुमच्या मोबाइलवर असलं तरी चालेल. मेट्रोला चालक नाही, सगळ्यात पुढच्या काचेसमोर बसता येतं. मुलगा कितीही मोठा झाला असला तरी तिथे बसेल.

पैशांचं थोडक्यात: युरो चालत नाही, डॅनिश क्रोन चालतो. तो युरोला बांधलेला आहे, एका युरोला साधारण साडेसात. रुपयात सध्या बारा ते चौदाच्या दरम्यान धरा. अडीच लाख म्हणजे अठरा-वीस हजार क्रोनर. त्यातले सात-आठ हजार खोलीला, दोन हजारांच्या आत-बाहेर गाडीला, साडेतीन-चार हजार खाण्याला, बाकीच्यात तिवोली, पास, सायकली, बोट. बसतं, पण रोज रात्री उपाहारगृहात जेवलात तर बसत नाही. रोख बदलून घेऊ नका, सगळं कार्डावर चालतं. भारतीय कार्डावरचा परदेशी वापर आणि टॅप करून पैसे द्यायची सोय बँकेच्या अ‍ॅपमधून स्वतः चालू करावी लागते, ते विमानात बसायच्या आधी करा. फॉरेक्स कार्डात फक्त युरो भरले तर प्रत्येक खरेदीला चलनबदलाचं शुल्क कापलं जातं, क्रोन भरता येणारं कार्ड मागा. दुकानातलं यंत्र ‘रुपयांत की क्रोनरमध्ये’ विचारेल, तिथे नेहमी क्रोनर.

दिवस कसे पाडायचे

गुरुवारी दुपारी पोचा, सोमवारी दुपारी निघा. कारण सोमवारी बहुतेक कलादालनं बंद असतात, तो दिवस गाडीत गेलेला बरा. मेच्या उत्तरार्धात पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाचा सोमवार सुट्टीचा येऊ शकतो, तेव्हा सुपरमार्केट बंद असतात. आणि 5 जूनला संविधान दिन, त्या दिवशीही मोठी दुकानं बंद. तारखा ठरवताना तेवढं बघा.

पहिल्याच संध्याकाळी तिवोली. स्टेशनच्या समोरच आहे, बॅगा टाकून पाचला आत शिरायचं. मुलगा रुसून आलेला आहे, त्याला पहिला मान द्या. 1843 साली सुरू झालेली ही बाग आहे. 1914 चा लाकडी रोलरकोस्टर अजून चालतो, आणि त्याचा ब्रेक लावणारा माणूस गाडीतच बसलेला असतो. 80 मीटर उंच फिरते पाळणे आहेत, तिथून सगळं शहर दिसतं. प्रवेशाला माणशी दीडशे-दोनशे क्रोनर आणि राइड्सच्या पासला त्यावर साधारण अडीचशे-तीनशे. दोन्ही मुलांना पास, तुम्हा दोघांना नुसता प्रवेश. सुट्या राइडची तिकिटं काढत बसलात तर तीन-चार राइड्समध्येच पासाची किंमत निघते. शुक्रवारी जाऊ नका, उन्हाळ्यात त्या रात्री रॉकचा कार्यक्रम असतो, प्रवेश महाग आणि गर्दी तुफान. (मुलाला तेच हवं असेल तर गोष्ट वेगळी. आधी विचारा.) दिवे लागलेले बघायचे तर दहापर्यंत थांबावं लागेल, म्हणून उशिराच जा.

शुक्रवार मुलीचा. अकराच्या आत बाहेर पडायचा आग्रह धरू नका. नोररपोर्टला उतरलात की टोरव्हहॅलर्न हा काचेचा बाजार, तिथून दहा मिनिटांवर गोल मनोरा, रुंडेटोर्न. 1642 चा. आत जिने जवळजवळ नाहीत, साडेसात वेढे घेत वर जाणारा 209 मीटरचा चढ आहे, पांढऱ्या भिंती, खिडक्यांतून येणारा तिरका उजेड. फोटोंची हौस तिथे फिटते. मग दुपारी गाडीने लुइसियाना. मुलाला ‘म्युझियम’ म्हणू नका, समुद्राकाठची बाग म्हणा, तेही खरंच आहे. हुम्लेबेक स्टेशन, पस्तीस-चाळीस मिनिटं, उतरून दहा-बारा मिनिटं चाल. मंगळवार ते शुक्रवार रात्री दहापर्यंत उघडं असतं, शनिवार-रविवार सहालाच बंद. म्हणून शुक्रवार. यायोई कुसामाची आरशांची खोली तिथे आहे: एका वेळी मोजकेच लोक आत सोडतात, पायाखाली पाणी, चहूकडे लटकते दिवे. रांग संध्याकाळी सहानंतर ओसरते. नाव असं का, हे मुलं विचारतील: मूळ बंगल्याच्या मालकाच्या तिन्ही बायकांचं नाव लुइस होतं.

शनिवार मुलाचा. बंदराच्या बाजूने जा. न्यूहाउनची रंगीत घरं तुम्ही टाळू शकणार नाही, पण तिथे जेवू नका. पाण्याच्या कडेने थोडं पुढे, हाउनेगेडवर, फुटपाथमध्येच बसवलेल्या ट्रॅम्पोलिन आहेत. काहीही पाटी नाही, तिकीट नाही, उड्या मारायच्या. तिथून जलबसने रेफ्शालेओन, जुन्या जहाजबांधणीच्या जागेत उन्हाळ्यात रेफेन नावाचा खाऊगल्ल्यांचा बाजार भरतो. तिथे शाकाहारी काहीतरी नक्की मिळतं, आणि मुलगा दोन ठिकाणचं खाईल. जवळच आमागर बक्के: कचरा जाळून वीज आणि गरम पाणी तयार करणारा कारखाना, ज्याच्या उतरत्या छपरावर 2019 पासून स्की करायचा उतार आणि पायवाट आहे. 85 मीटर उंची, पायी वर जायला पैसे नाहीत. सिंहगड चढणाऱ्या मुलांना ती पंधरा मिनिटांची गंमत आहे. वर वारा फार. स्की करायचं असेल तर वेळा आणि आरक्षण आधी बघा.

दुपारी इस्लांड्स ब्रुगहून सौर विजेवर चालणारी छोटी बोट तासावर भाड्याने मिळते. परवाना लागत नाही, मधे टेबल असतं, आठ जण बसतात. बोट घेणारा अठराच्या वरचा हवा, पण सुकाणू मुलाच्या हातात द्यायला हरकत नसते. कालव्यांतून फिरवणाऱ्या मार्गदर्शक बोटीपेक्षा ही महाग पडते, तरी मी हीच घ्या म्हणेन: तिथे मुलं बसून ऐकतात, इथे काहीतरी करतात. छोट्या जलपरीचा पुतळा जेमतेम सव्वा मीटरचा आहे, त्याच्यासाठी वेगळी फेरी मारू नका.

याच दिवशी संध्याकाळी दोघांना दोन तास एकटं सोडा. तेरा वर्षांची मुलगी भावाबरोबर असेल तर इथे कुणाला नवल वाटत नाही. स्ट्रॉयट हा पायी चालायचा बाजाररस्ता आणि त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्या ही हद्द. रोडहुसस्ट्रेडवर बास्टर्ड कॅफे नावाची पटावरच्या खेळांची जागा आहे, शेकडो खेळ, पाऊस आला तर तिथे बसता येतं. भेटायची जागा रुंडेटोर्नचं दार, वेळ ठरलेली, दोघांकडे चालू डेटा, मुलाकडे तीनशे क्रोनर भरलेलं दुसरं कार्ड आणि त्याचा पिन तोंडपाठ. आपत्कालीन क्रमांक 112. क्रिस्तियानिया या वेळात नको. 1971 पासूनची ती मुक्त वस्ती बघण्यासारखी आहे, तिथल्या रहिवाशांनी 2024 च्या एप्रिलमध्ये गांजाविक्रीच्या गल्लीतले दगडही उखडले, पण गांजा डेन्मार्कमध्ये बेकायदा आहे हे मुलांना तुम्हीच सांगायचं आणि जायचं तर दिवसा, चौघांनी. लोकांचे फोटो काढायचे नाहीत.

सायकल: इथे नीट वाचा

रविवार सकाळ सायकलीसाठी ठेवा, कारण त्या वेळी रस्ते मोकळे असतात. कामाच्या दिवशी सकाळी आठला डॅनिश लोक ज्या वेगाने जातात त्यात शिकाऊ माणसाने घुसू नये.

भाड्याच्या बऱ्याच सायकलींना मागचा ब्रेक हँडलवर नसतो, तो पॅडलमध्ये असतो. पॅडल उलटं फिरवलं की चाक धरलं जातं. आपल्या मुलांना उतारावर किंवा सिग्नलजवळ पॅडल मागे गरगर फिरवायची सवय असते, आणि पहिल्या पाच मिनिटांत तिथेच सायकल जागच्या जागी अडते, मागचा येऊन आदळतो. शिवाय थांबल्यावर पॅडल उलटं फिरवून पायाखाली आणता येत नाही. म्हणून थांबतानाच एक पॅडल वर, थोडं पुढे राहील असं थांबायचं. चौघांनी एखाद्या मोकळ्या चौकात दहा मिनिटं चालवा, थांबवा, परत निघा. मगच रस्त्यावर.

दुसरं, रस्ता उजवीकडचा. हे सगळ्यांना माहीत असतं आणि डावीकडे वळताना सगळे विसरतात. डावीकडे वळायचं तर चौकाच्या मधून कापत जायचं नाही. सरळ पलीकडे जायचं, तिथे उजव्या कोपऱ्यात थांबायचं, सायकल वळवायची आणि त्या बाजूचा सिग्नल लागला की निघायचं. थांबणार असाल तर हात खांद्याच्या वर करून दाखवायचा, वळणार असाल तर त्या बाजूचा हात बाहेर. उजव्या कडेने हळू, पुढे जाणारा डावीकडून. बस थांबून प्रवासी थेट सायकलवाटेवर उतरत असतील तर तुम्ही थांबायचं. सिग्नल तोडणं, उलट्या दिशेने जाणं, हातात मोबाइल धरणं, या प्रत्येकाला सातशे ते हजार क्रोनरच्या घरात दंड आहे. मुलीला फोटो काढायचे तर वाटेवरून बाजूला उतरून. पायी चालतानाही हेच: सायकलवाटेवर उभं राहून फोटो काढणारा पर्यटक तिथे मोठ्याने घंटी खातो.

वाट कुठली? बंदराभोवतीचा हाउनरिंगेन 13 किलोमीटरचा आहे, जवळजवळ सपाट, पूल बहुतेक सायकल आणि पादचाऱ्यांचे. नारिंगी रंगाचा उंचावरून वळणं घेत जाणारा ‘सायकलस्लांगेन’ त्याच भागात. अर्ध्यातच दमलात तर सायकली एस-गाडीत (तिथली लोकल) फुकट चढवता येतात. वारा असेल तर येताना तो समोरून येईल असं धरूनच अंतर ठरवा. छत्री नेऊ नका, उलटी होते. टोपीचं पातळ वारारोधक जाकीट आणि आत एक स्वेटर, तापमान दहा ते अठराच्या मधे खेळतं.

इस्लांड्स ब्रुगला बंदरातच पोहायचा तलाव आहे, मोफत. मेमध्ये पाणी फार गार असतं आणि जीवरक्षक उन्हाळी हंगामातच असतात, तेव्हा पाय बुडवण्यापुरतंच.

रविवारी दुपारनंतर मुलं ताजी असतील तर माल्मो. गाडी चाळीस मिनिटांच्या आत, 2000 साली खुल्या झालेल्या ओरेसुंड पुलावरून. तिथे स्वीडिश क्रोना, पण कार्डच चालतं. ट्रियांगेलनला उतरून मोलवांगन भागात फलाफल खा, तिथलं प्रसिद्ध आहे आणि कोपनहेगनहून स्वस्त. पश्चिम बंदराकडे 190 मीटरचा पिळलेला टर्निंग टोर्सो बघून परत. यजमानांच्या दोन देशांची नोंद झाली. मुलं दमली असतील तर सोडून द्या, काही बिघडत नाही.

खाणं

फलाफलची गुंडाळी साठ-ऐंशी क्रोनर, साध्या उपाहारगृहात एक मुख्य पदार्थ दीडशे-अडीचशे. दिवसातून एकदाच बाहेर खा, तेही दुपारी. रात्री नेट्टो, रेमा किंवा लिडल या सुपरमार्केटांतून पास्ता, भाज्या, पाव. रस्त्यावरच्या गाड्यांवरचे लाल सॉसेज बहुधा डुकराचे असतात, मुलाने न विचारता घेऊ नये. रुंडेटोर्नच्या पायथ्याशी असलेल्या डोप या गाडीवर मांसविरहित सॉसेजचा हॉटडॉग मिळतो, पण अंड्याच्या सॉसबद्दल मुलीने विचारून घ्यावं. तिची खरी अडचण बेकरीत आहे. दालचिनीच्या वळ्यांना वरून अंडं फासलेलं असतं, आणि पिठातही असू शकतं. पाकिटावर ‘वेगान्स्क’ (वीगन, म्हणजे अंडं-दूधही नसलेलं) लिहिलेलं शोधा, किंवा घटकांची यादी मोबाइलच्या कॅमेऱ्याने वाचून घ्या. राईचा काळा पाव, रुगब्रॉड, साधारणपणे पीठ-पाणी-मीठ-आंबवण एवढाच असतो. चीजमधलं रेनेट (दूध घट्ट करायला वापरतात ते, बहुधा वासराच्या पोटातलं द्रव्य) टाळायचं असेल तर तेही यादीत बघावं लागेल.

पाणी नळाचंच प्या, बाटल्या भरून घ्या. पेयांच्या बाटल्या-डब्यांवर 1, दीड किंवा 3 क्रोनरची ठेव घेतलेली असते. रिकाम्या बाटल्या सुपरमार्केटातल्या यंत्रात टाकल्या की पावती मिळते, ती गल्ल्यावर वळती होते. हे काम मुलांकडे द्या आणि पैसेही त्यांनाच.

घरून नेण्याबद्दल: तूप, पेढे, बर्फी, श्रीखंड, पनीर, दूध पावडर नाही. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे, आणि ती तुम्हाला हॅम्बुर्गलाच लागू होते. मेतकूट, भाजणी, भाजलेले पोहे, चटण्या, बाकरवडी चालते, पाकिटावर घटक छापलेले असले तर उत्तम. ओली मिरची-कढीपत्ता नको, ताज्या भाज्यांना वेगळा दाखला लागतो. पुरणपोळी नेणारच असाल तर तेलावरची करा, आणि तूप भावाला हॅम्बुर्गच्या दुकानातून आणून ठेवायला सांगा.